पक्क्या लायसन्सची टेस्ट घरच्या गाडीतून द्यायची असेल तर

आरटीओच्या चाचणीला ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी लागते, असा समज कोकणात अजून बराच पक्का आहे. नियम तसा नाही. ज्या प्रकारच्या वाहनाचे लायसन्स मागितले आहे, त्या प्रकारचे वाहन चाचणीला आणावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. एलएमव्हीसाठी, म्हणजे कारसारख्या हलक्या मोटार वाहनासाठी, अर्ज असेल तर घरची अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, काहीही चालते. गाडी तुमच्याच नावावर असली पाहिजे असेही नाही. वडिलांची, बहिणीची, मुंबईहून सुट्टीला आलेल्या काकांची एमएच-०१ किंवा एमएच-०४ची गाडी घेऊन रत्नागिरीत, ओरोसला किंवा पेणला चाचणी देता येते. कागद पुरे हवेत आणि गाडी ठणठणीत हवी.

फायदा उघड आहे. ज्या गाडीचा क्लच तुमच्या पायाला माहीत आहे, जिचा बॉनेट कुठे संपतो याचा अंदाज डोळ्याला बसला आहे, त्याच गाडीत परीक्षा. मात्र एक फरक आधीच समजून घ्या. स्कूलच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, घरच्या गाडीला नसतो. तुमची चूक सावरायला शेजारच्या माणसाचा पाय नाही. सरावापासून परत घरी येईपर्यंतची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करायची आहे.

तारीख ठरवताना

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तारीख सारथी या परिवहन खात्याच्या पोर्टलवर घ्यायची. शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी चाचणीचे ३०० रुपये, लायसन्सचे २०० रुपये आणि वर सेवाशुल्क. मोटारसायकल आणि कार दोन्हींचा अर्ज असेल तर चाचणीचे शुल्क दोनदा, आणि वाहनेही दोन न्यावी लागतात. दुचाकी घेऊन कोण येणार, हे लोक ऐनवेळी विचारात घेतात.

नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. आता हिशोब करा. पाचव्या महिन्याच्या अखेरीस पहिली तारीख घेतली आणि ती फसली, तर पुढची तारीख मिळेपर्यंत शिकाऊ परवानाच संपतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून पहिली चाचणी तिसऱ्या महिन्याच्या आत-बाहेर ठेवावी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला जागा राहते.

कोकणात ऋतूही पाहावा लागतो. मे महिन्यात शिकाऊ परवाना काढला की सरावाचे महिने नेमके जून, जुलै, ऑगस्टमध्ये पडतात. नवशिक्याने पावसात गाडी शिकूच नये असे नाही, पण पहिले दोन आठवडे कोरड्या रस्त्यावर मिळाले तर पाय लवकर बसतो. ऑक्टोबरमध्ये परवाना काढून डिसेंबर-जानेवारीत चाचणी, हा क्रम इथे सर्वांत सोयीचा. गणपतीच्या आगे-मागे तारीख घेऊ नका. मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो, आणि ज्यांनी तुमच्याबरोबर यायचे ते घरात पाहुण्यांत अडकलेले असतात.

तालुक्याच्या ठिकाणी आरटीओची शिबिरे भरतात. दापोली किंवा खेडच्या माणसाला रत्नागिरीपर्यंत जाण्यापेक्षा ती बरी. पण शिबिराची जागा आणि मुख्य कार्यालयाचा ट्रॅक सारखा नसतो. तारीख घेतल्यावर एकदा आधी जाऊन जागा पायी पाहून या: उतार कुठल्या बाजूला आहे, वळायला जागा किती आहे, जमीन डांबरी की खडीची. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याने चाचणीच्या दिवशीची निम्मी भीती जाते.

कागद

आरसी (गाडीचे नोंदणीपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), शिकाऊ परवाना, अर्जाची आणि पैसे भरल्याची पावती, आणि सोबत येणाऱ्याचे लायसन्स. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रे ग्राह्य धरली जातात, तरी सगळ्याच्या छापील प्रती फाइलमध्ये ठेवा. दरीतल्या वाडीतून निघालेल्या मोबाइलला नेमक्या वेळी रेंज नसते.

प्रत्येक कागदावरची तारीख चाचणीच्या दिवसाशी ताडून पाहा. आज वैध आहे एवढ्याने भागत नाही. सर्वांत जास्त घोळ पीयूसीचा होतो. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण-मानकांच्या गाड्यांचे प्रमाणपत्र १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांचे ६ महिने. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही, म्हणून वर्ष उलटले तरी ते काढायचे राहून जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. वाडीतल्या जुन्या मारुती ८०० किंवा झेनमध्ये शिकत असाल तर आरसीवरची ती तारीख आधी बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली असावी. सीएनजी किट नंतर लावले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, आणि सिलिंडरची तपासणी दर ३ वर्षांनी होते, तिचा दाखला हवा. सिंधुदुर्गात गोव्याच्या पासिंगच्या गाड्या घरोघर असतात. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. अशी गाडी घेऊन थेट परिवहन कार्यालयाच्या आवारात जाणे शहाणपणाचे नाही.

पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालणारी, गाडी नेऊ नका. काचांना काळी फिल्म असेल तर काढून टाका, पुढचा लोखंडी गार्डही उतरवा. दोन्ही बेकायदा आहेत.

विम्याबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे मोठे नुकसान होऊ शकते. खासगी गाडीच्या पॉलिसीत चालक कोण असू शकतो याचे एक कलम असते. त्यात शिकाऊ परवानाधारकालाही गाडी चालवता येते असे म्हटलेले असते, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला असावा, या अटीवर. नियम ३ म्हणजे तीन गोष्टी: चालू शिकाऊ परवाना, शेजारी त्या प्रकारचे वैध लायसन्स असलेली आणि गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली व्यक्ती, आणि पुढे-मागे एल. यातली एक गोष्ट जरी नसली आणि बाजारात कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. ‘घरापासून नाक्यापर्यंतच तर जायचंय’ म्हणून एकट्याने गाडी काढणे इथे फार चालते, आणि अपघातही नाक्यावरच होतात.

एल बोर्ड

याची मापे ठरलेली आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल एल. चौकोन किमान १८ सेंटिमीटर बाजूचा, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. बाजारात मिळणारे छोटे स्टिकर बरेचदा या मापात बसत नाहीत. ए-फोर कागदातून १८ सेंटिमीटरचा चौकोन निघतो. छापून, लॅमिनेट करून दोन बोर्ड घरी बनवा. पावसाळ्यात कागदी स्टिकर दोन दिवसांत सुटतो आणि चुंबकवाला बोर्ड खड्ड्यात उसळून पडतो, म्हणून लॅमिनेट केलेला बोर्ड दुहेरी टेपने पक्का लावा. पुढचा बोर्ड बॉनेटवर किंवा बंपरवर, नंबरप्लेट झाकणार नाही असा. मागचा डिकीच्या पत्र्यावर, काचेवर नको. रिव्हर्सला तीच काच लागणार आहे.

गाडीची तपासणी

चाचणीच्या आठ-दहा दिवस आधी ही तपासणी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

सुरुवात हँडब्रेकपासून. समुद्राकाठच्या गावांत, म्हणजे मुरुड, हर्णै, जयगड, देवगड, वेंगुर्ले अशा ठिकाणी, खाऱ्या हवेने हँडब्रेकची केबल तिच्या नळीतच गंजते. मग दोन प्रकार होतात. एक, दांडा वर येतो पण चाके धरत नाहीत. दोन, चाके धरतात पण दांडा खाली केल्यावर सुटत नाहीत आणि गाडी ओढल्यासारखी चालते. चाचणीत चढणीवर थांबून पुन्हा निघायचे असते, आणि गाडी मागे सरकता कामा नये. तिथे ढिला हँडब्रेक तुमचा घात करतो. तपासायची पद्धत सोपी आहे. वाडीतल्या खड्या घाटीवर गाडी उभी करा, न्यूट्रल करा, पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, मग पाय हळू उचला. इंजिन चालू ठेवा, पाय ब्रेकवर तयार ठेवा आणि खाली कुणी उभे राहू देऊ नका. गाडी तसूभरही हलता कामा नये. दांडा साधारण चार ते आठ दात्यांत घट्ट व्हायला हवा. दहा-बारा दाते वर येत असेल तर केबल ताणून घ्या. पावसाळ्यात सपाट जागी गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये, चाकामागे ओंडका लावून ठेवावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. ओढून ठेवला तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात.

क्लच घसरतो का, हे मोकळ्या सपाट जागेत पाहता येते. हँडब्रेक पक्का ओढा, तिसरा गिअर टाका, किंचित रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक. इंजिन घरघरत चालूच राहिले तर प्लेट झिजली आहे. अशा गाडीने चढणीची चाचणी देऊ नका. ही तपासणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळते. आणि प्लेट बदलायची असेल तर चाचणीच्या आधी निदान आठवडाभर बदला. नव्या प्लेटचा क्लच वेगळ्या उंचीवर धरतो, आणि पायाला तो नव्याने शिकावा लागतो.

टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. दिवे, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्सचा दिवा, हॉर्न, वायपर हे कुणाला तरी मागे-पुढे उभे करून पाहा. ब्रेकलाइट चालकाला स्वतः दिसत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने बंद असतो. दोन्ही पुढच्या सीटचे पट्टे अडकतात आणि सुटतात ना, बघा. डाव्या सीटवर निरीक्षक बसणार आहेत. उंदरांचा त्रास असलेल्या खोपीत किंवा मांगरात गाडी लागत असेल तर बॉनेट उघडून वायरी पाहून घ्या.

चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली जायला हवी. हे क्षुल्लक वाटते, पण निरीक्षक हाताच्या खुणा विचारू शकतात. उजवीकडे वळताना हात आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळताना आडवा हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली करून हात वर-खाली. थांबताना कोपरापासून हात उभा. अडकलेल्या काचेतून यातले काही जमत नाही.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर? कायद्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद दुचाकीला आहे, एलएमव्हीला वेगळा प्रकार नाही. पण चाचणीच्या नियमात सर्व गिअर टाकत नेणे आणि उतारावर खालच्या गिअरवर येणे ही कौशल्ये लिहिलेली आहेत, म्हणून ऑटोमॅटिक नेणार असाल तर कार्यालयात आधी विचारून घ्या. आमचे मत विचाराल तर कोकणात राहणाऱ्याने गिअरच्या गाडीत शिकावे आणि त्यातच चाचणी द्यावी. घाट उतरताना इंजिनचा ब्रेक काय असतो, हे पायाला आणि कानाला एकदा कळले की ते जन्मभर उपयोगी पडते.

सराव कुठे आणि कसा

समुद्राच्या पुळणीवर नको. जागा मोकळी दिसते, पण ओल्या वाळूत चाक फिरले की ते खाली जाते, भरती थांबत नाही, आणि खारे पाणी ब्रेकमध्ये, बेअरिंगमध्ये, वायरिंगमध्ये जाऊन पुढचे वर्षभर त्रास देते. शिवाय पुळणीवर मुले खेळत असतात, माणसे जाळी ओढत असतात.

कातळसडा चांगला, पण सड्यावरचे रस्ते आणि मळलेली मैदाने वापरा. उघड्या कातळावर गाडी घालू नका. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ अशा ठिकाणी कातळशिल्पे आहेत, काही अजून गवताखाली असू शकतात, आणि जांभा मऊ दगड आहे. शाळेचे, मंदिराचे किंवा खासगी मैदान परवानगी घेऊन मिळाले तर सर्वांत उत्तम.

शेजारी बसणाऱ्याचीही तालीम हवी. घरच्या गाडीत त्याच्या हातात एकच ब्रेक आहे, मधला हँडब्रेक. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून गाडी पायाच्या ब्रेकपेक्षा उशिरा थांबते, आणि एकदम ओढला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरतात. मोकळ्या मैदानात ताशी १० ते १५ किलोमीटरच्या वेगाने त्याला तो ओढून पाहू द्या: बटण दाबून धरायचे आणि दांडा एकसारखा वर घ्यायचा. चार-पाच वेळा झाले की हाताला अंदाज येतो. ज्या गाडीला दांड्याऐवजी इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचे बटण आहे, तिच्या पुस्तिकेत चालत्या गाडीत ते बटण कसे वापरायचे हे वाचून घ्या. आणि शेजारी बसायला ज्याचा आवाज चढत नाही अशी व्यक्ती निवडा. घाबरून ओरडणाऱ्या माणसाशेजारी कुणी शिकत नाही. आत्या शांत असेल आणि वडील तापट असतील तर आत्याला बसवा.

गाडी आठच्या आकड्यात फिरवायच्या सरावासाठी साधारण ३० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागा लागते. मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने ७ मीटर त्रिज्येचे बाहेरचे आणि साडेतीन मीटरचे आतले वर्तुळ चुन्याने आखा, शेजारी तसेच दुसरे. स्विफ्टसारख्या गाडीची वळण-त्रिज्या ४.८ मीटर आहे, तेव्हा या पट्ट्यात ती आरामात बसते. पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर थोडा पाय ठेवून, संथ. बहुतेकांची चूक एकाच जागी होते: दोन वर्तुळांच्या मधल्या ठिकाणी स्टिअरिंग उशिरा परत फिरवतात. बॉनेट मधल्या बिंदूवर यायच्या आधीच उलटे फिरवायला लागा. मागची चाके नेहमी पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून आतली रेष मागच्या चाकाने तुटते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. आतल्या बाजूच्या आरशात बघत राहा.

रिव्हर्ससाठी सरळ पट्टा गाडीच्या रुंदीपेक्षा १ मीटर जास्त ठेवून सुरू करा. जमू लागले की ८० सेंटिमीटरवर या. वळणाच्या कोपऱ्यात साडेतीन ते चार मीटर मोकळे ठेवा, त्याहून कमी जागेत एका दमात गाडी वळत नाही. खुणांना चिरे ठेवू नका. एक ठोकर आणि बंपर गेला. बांबूच्या काठ्या रिकाम्या तेलाच्या डब्यात रोवून ठेवल्या की काम होते, आणि त्या आरशात दिसतातही. रिव्हर्स कॅमेऱ्यावर कागद चिकटवून सराव करा. कॅमेऱ्याची सवय झालेला माणूस आरसे विसरतो, आणि निरीक्षक आरसेच बघतात. उतार असलेल्या जागेत रिव्हर्सला रेस देऊ नका, ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडा.

चढणीवर निघायची पद्धत अशी. गाडी थांबली, हँडब्रेक पूर्ण वर. क्लच दाबून पहिला गिअर. उजवा पाय ब्रेकवरून रेसवर, इंजिनचा आवाज थोडा भरीव होईल एवढीच रेस. आता क्लच इतका हळू उचला की बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे होईल आणि आवाज जड होईल. तिथे पाय थांबवा. पाय न हलवता हँडब्रेक सोडा. गाडी जागीच उभी राहील किंवा पुढे सरकू लागेल. मग रेस वाढवत क्लच सोडा. गाडी मागे येते तेव्हा कारण बहुधा हे असते की हँडब्रेक सोडताना डावा पाय नकळत पुन्हा खाली गेला. बंद पडते तेव्हा रेस कमी होती किंवा क्लच घाईने सुटला. आधी सौम्य चढ, मग वाडीची घाटी. सलग आठ-दहा वेळा झाल्यावर जळका वास आला तर गाडी पंधरा मिनिटे उभी ठेवा. वास क्लच प्लेटचा असतो.

मैदानात हे जमल्यावर रस्ता. नवशिक्याला थेट परशुराम किंवा कशेडीच्या घाटात नेऊ नका. आधी बाजारपेठेचा अरुंद रस्ता, एसटी समोरून येते तो. दोन गाड्या मावत नाहीत अशा चढावर उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे आणि निरीक्षक तो विचारतात. उतारावर न्यूट्रल कधीही नको. ज्या गिअरने तो चढ चढलात, साधारण त्याच गिअरने उतरा.

पावसात चाचणी असेल तर दोन-तीन गोष्टी आणखी. ओढ्याच्या पाण्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ब्रेक ओले होतात. लगेच पुढे हळू चालत पाय हलका दाबून ते सुकवा, कार्यालयाच्या फाटकात पोहोचेपर्यंत थांबू नका. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडा, हाताने पुसल्यास चरे उमटतात. तांबड्या मातीचा चिखल बुटाला लागला की पाय पेडलवरून सटकतो. गाडीत कोरडे फडके ठेवा, चढण्यापूर्वी तळवे पुसा. रबरी चप्पल घालून चाचणीला बसू नका.

चाचणीच्या दिवशी

गाडी तिथपर्यंत कोण चालवणार हे आदल्या रात्री ठरवा. लायसन्स असलेल्यानेच चालवावी असे आमचे सांगणे. तुम्ही ४० किलोमीटर घाटातून चालवत आलात तर पाय आणि डोके दोन्ही दमलेले असतात. पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर तुम्ही चालवा, म्हणजे क्लच पायात येतो. टाकी निदान पाव भरलेली हवी. तळाला गेलेले पेट्रोल चढावर दगा देऊ शकते. डिकीतले नारळ, आंब्याच्या पेट्या, गॅसचा सिलिंडर घरी उतरवून ठेवा. मागे भार असला की गाडीचा तोल आणि ब्रेक वेगळे लागतात. डॅशबोर्ड आणि मागची काच मोकळी, आरशाला लटकणारे सगळे काढलेले. पुढची डावी सीट स्वच्छ. शिकाऊ परवान्याच्या वेळी चष्मा होता तर तो लावलेला हवा.

वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. रांगेत गाडी अशी लावा की पुढे काढता येईल. मधे अडकलेली गाडी रिव्हर्सने काढावी लागली तर चाचणी सुरू होण्याआधीच घाम फुटतो. तुमच्या आधीच्या दोन-तीन जणांची चाचणी बघा. क्रम कळतो. नंबर आला की सोबतच्या व्यक्तीने उतरून बाजूला जावे आणि बाहेरून खुणा करू नयेत. त्या खुणा निरीक्षकांनाही दिसतात.

गाडीत बसल्यावर क्रम कधीही मोडू नका: दार, सीट, तिन्ही आरसे, पट्टा, न्यूट्रल, क्लच दाबून स्टार्ट. नियमात पहिलीच कसोटी आरसा नीट लावण्याची आहे. तुमच्याच गाडीत आरसे आधीच लावलेले असतात, म्हणून लोक हा भाग गाळतात. आरसा जागेवर असला तरी हात लावून तपासा, म्हणजे ते दिसते. निघताना इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून नजर, मग चाक हलवा. वळायच्या आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वेग कमी, हाच क्रम. रस्त्यावर डावी बाजू धरून. सांगितलेले ऐकू आले नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा, अंदाजाने वळू नका.

गाडी बंद पडली तर सगळे संपले असे नाही. ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, स्टार्ट, आणि पुन्हा निघा. बंद पडण्यापेक्षा त्यानंतरची घाबरगुंडी जास्त नुकसान करते, कारण त्या गडबडीत गाडी मागे सरकते.

एकच चूक बाकी सगळ्यांहून मोठी आहे: माणूस समोर असताना न थांबणे. चालणारा मधे आला की आकडा, रेष, क्रम सगळे सोडून ब्रेक.

पास झाल्यावर

निकाल चांगला लागला तरी परत जाताना तुम्ही शिकाऊच असता. लायसन्स मंजूर होऊन सारथीवर नंबर पडेपर्यंत एल बोर्ड आणि शेजारचा माणूस दोन्ही लागतात. आरटीओतून बाहेर पडून पहिल्याच वळणावर बोर्ड काढून टाकणारे बरेच असतात, आणि वर सांगितलेले विम्याचे कलम तेव्हाही लागू असते.

लायसन्सचे कार्ड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येते. कोकणात एका गावात एकाच आडनावाची तीस घरे असतात, तेव्हा अर्ज भरतानाच घर क्रमांक, वाडीचे नाव, मुक्काम आणि पोस्ट वेगळे असेल तर दोन्ही, पिनकोड आणि चालू असलेला मोबाइल नंबर नीट लिहा. पत्ता अपुरा असला तर पाकीट परत जाते आणि ते मिळवायला पुन्हा फेरी घालावी लागते. चाचणीनंतर गावच्या पोस्टमनलाही सांगून ठेवा की कार्ड येणार आहे.